कामावर मुरगळलेला गुडघा सात महिन्यांनीही दुखतोय, आता कोणाला दाखवायचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ३८, भोसरीत ठेकेदाराच्या हाताखाली फॅब्रिकेशनचं काम. सात महिन्यांपूर्वी खांद्यावर अँगल घेऊन शिडीवरून उतरताना पाऊल खाली पडलेल्या दोन पाइपांच्या मध्ये अडकलं, अंग वळलं आणि गुडघ्यात कळ गेली. त्या दिवशी लंगडत का होईना, चालता येत होतं. सूज दुसऱ्या दिवशी सकाळी आली. जवळच्या दवाखान्यात एक्स-रे काढला, ‘हाड शाबूत आहे’ म्हणून गोळ्या आणि नी-कॅप दिली, दहा दिवस घरी राहून तुम्ही पुन्हा कामावर गेलात. आता संध्याकाळपर्यंत गुडघा सुजतो, जिना उतरताना आतल्या बाजूला दुखतं, उकिडवं बसता येत नाही आणि मधूनच गुडघा अडकतो. एक डॉक्टर म्हणाले ऑपरेशन, दुसरे म्हणाले इंजेक्शन, गावाकडचे म्हणतात हाडवैद्याकडे चल. ठेकेदार म्हणतो हे जुनंच दुखणं आहे, हवे तर पंधरा हजार घे आणि कागदावर सही कर. यावर तुम्ही विचारता, ‘कोणत्या मोठ्या डॉक्टरकडे जाऊ?’

मी हाडांचा डॉक्टर आहे आणि पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात बरीच वर्षं तुमच्यासारख्या कामगारांचे गुडघे तपासत आलोय. म्हणून आधी हे सांगतो की मोठा डॉक्टर कोण, हा तुमच्यापुढचा खरा प्रश्न नाही. सात महिन्यांत तुम्हाला तीन उपचार सुचवले गेले, पण गुडघ्यात नेमकं काय बिघडलंय हे एकानेही सांगितलेलं दिसत नाही. निदानच झालेलं नसताना ऑपरेशन बरं की इंजेक्शन बरं याची चर्चा कशी करणार? त्यामुळे पुढच्या डॉक्टरकडे जाताना ‘उपचार द्या’ म्हणण्याआधी ‘काय झालंय ते सांगा’ म्हणा. दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. ही दुखापत कामावर झाली, याची कुठेही नोंद झालेली दिसत नाही. ती नसेल तर उत्तम डॉक्टर सापडूनही खर्च आणि बुडालेला पगार तुमच्याच अंगावर पडेल. ही दोन्ही कामं एकाच वेळी हाती घ्यायची आहेत.

एक मर्यादाही सांगून ठेवतो. गुडघ्याला हात न लावता मी निदान करू शकत नाही आणि करणारही नाही. पण तुम्ही सांगितलेल्या हकिकतीवरून शंका कुठे घ्यायची, ते सांगता येतं.

एक्स-रेमध्ये हाड दिसतं. हाडांना बांधून ठेवणारे लिगामेंट, ज्याला आपल्याकडे बरेच डॉक्टर ‘दोरी’ म्हणतात, ते त्यात दिसत नाहीत. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्या मधली मेनिस्कस, म्हणजे पेशंट जिला ‘गादी’ म्हणतात, तीही दिसत नाही. तुमच्या कामातल्या वस्तूशी तुलना करायची तर दोन फ्लँजच्या मध्ये बसवलेल्या रबरी गॅस्केटसारखी ही गादी असते. वजन पसरवते, धक्का सोसते. ‘हाड शाबूत आहे’ हे त्या डॉक्टरांचं म्हणणं खरंच असेल. पण त्याचा अर्थ ‘गुडघा शाबूत आहे’ असा तुम्ही घेतला, ठेकेदारानेही घेतला, आणि सात महिने त्यातच गेले.

तुमच्या हकिकतीतले तीन तपशील माझ्या दृष्टीने मोलाचे आहेत. पाऊल जागी अडकलं आणि वरचं अंग वळलं, हा पहिला. गादी फाटण्याची ही नेहमीची तऱ्हा आहे. दुसरा, सूज दुसऱ्या दिवशी आली. पुढची दोरी, म्हणजे एसीएल, तुटली तर बहुतेक वेळा गुडघ्यात रक्त साचतं आणि तास-दोन तासांतच गुडघा टम्म फुगतो. अनेकांना ‘कट्’ असा आवाज आल्याचंही आठवतं. गादी फाटल्यावर सूज बहुधा सावकाश, रात्रभरात चढते. तिसरा तपशील म्हणजे दुखणं आतल्या बाजूला आहे आणि खोल वाकवल्यावर वाढतं. तिन्ही एकत्र पाहिले तर आतल्या बाजूच्या गादीकडे बोट जातं. तरीही हा अंदाजच. वाटीच्या मागचा कूर्चा दुखावला असेल तरी जिना उतरताना दुखतं. आतल्या बाजूचं लिगामेंट ताणलं गेलं असेल तरी आतूनच दुखतं. दोन गोष्टी एकदम झालेल्याही मी पुष्कळदा पाहिल्या आहेत.

आता ‘अडकतो’ या शब्दाकडे येतो, कारण पुढचं बरंच काही त्यावर ठरतं. काहींचा गुडघा क्षणभर अडकल्यासारखा होतो, कळ येते, पाय झटकला की सुटतो. दुखण्यामुळे स्नायू आखडले तरी असं होतं. पण काहींचा गुडघा पूर्ण सरळ होतच नाही, कोणीतरी मध्ये पाचर मारल्यासारखा थांबतो. तुमचं यातलं कुठलं, ते घरीच बघा. सपाट जमिनीवर उताणे झोपा आणि दोन्ही टाचांखाली दुमडलेला टॉवेल ठेवा. पाय सैल सोडा. दोन्ही गुडघ्यांची मागची बाजू सारखीच खाली जाते का, हे घरातल्या कोणाला तरी बाजूने बघायला सांगा. दुखरा गुडघा वर उचललेलाच राहत असेल आणि हलका दाब देऊनही सरळ होत नसेल, तर गादीचा फाटका पदर सांध्यात अडकलेला असू शकतो. मग महिनाभर थांबू नका, त्याच आठवड्यात ऑर्थोपेडिककडे जा. असा गुडघा जोर लावून सरळ करायला कोणालाही देऊ नका.

हाडवैद्याबद्दलचं माझं म्हणणंही इथेच सांगतो. तुमच्या घरच्यांची श्रद्धा मी समजू शकतो. मांडीच्या स्नायूंना हलक्या हाताने तेल लावून बरं वाटत असेल तर खुशाल लावा. पण गुडघा पिळणं, झटका देणं, ‘बसवणं’ हे अजिबात होऊ देऊ नका. अडकलेली गादी झटक्याने जागेवर बसत नाही, फाटलेली अधिक फाटते. बिनलेबलच्या पुड्या आणि काळ्या गोळ्यांपासूनही लांब राहा. त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं. त्याने चार दिवस छान वाटतं, मग चेहरा सुजतो, साखर वाढते.

कोणाला दाखवायचं, या तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं. सुरुवात एमएस, डीएनबी किंवा डी-ऑर्थो झालेल्या साध्या ऑर्थोपेडिक सर्जनपासून करा, पण जो हाताने तपासतो अशापासून. गुडघा खरोखर अडकत असेल, किंवा चालताना ‘दगा देतो’, म्हणजे भार टाकला की निसटल्यासारखा होतो, तर दुर्बिणीने गुडघ्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे जावं. पाट्यांवर ते ‘आर्थ्रोस्कोपी’ किंवा ‘स्पोर्ट्स इंज्युरी’ असं लिहितात. पाटी वाचून खेळाडूंचा डॉक्टर समजू नका, वेल्डरचा गुडघाही तोच बघतो. सांधे बदलणाऱ्या सर्जनची तुम्हाला या वयात, या दुखण्यात गरज दिसत नाही. दोन्ही गुडघे दुखत असते, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेपण राहत असतं, बोटांचे सांधेही सुजत असते, तर मी संधिवाताच्या तज्ज्ञाकडे पाठवलं असतं. तुमच्या हकिकतीत तसं काही नाही.

तपासणी कशी असावी हे माहीत असलं की चांगला डॉक्टर ओळखता येतो. दोन्ही पाय मांडीपर्यंत उघडे करायला सांगायला हवेत. पँट गुडघ्यापर्यंत ओढून एकच पाय बघणं ही तपासणी नव्हे, कारण तुलना करायला तुमचा दुसरा गुडघा हाच सर्वांत चांगला नमुना असतो. आधी चालायला लावतात. मग झोपवून गुडघ्यात पाणी आहे का ते वाटीभोवती दाबून बघतात. मी स्वतः टेप काढतो. वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटिमीटरवर खूण करून दोन्ही मांड्यांचा घेर मोजतो. सहा-सात महिने दुखऱ्या पायावर भार टाळला की मांडीचा पुढचा स्नायू सुकतो, आणि दीड-दोन सेंटिमीटरचा फरक दिसला की ‘नाटक करतोय’ म्हणणाऱ्यांना कागदावर उत्तर मिळतं. नंतर एका बोटाने सांध्याच्या फटीवर, पुढून मागे, थोडं थोडं सरकत दाबत जायचं. गादी फाटलेली असेल तर बहुतेक वेळा एका ठरावीक जागी माणूस दचकतो. गुडघा पूर्ण वाकवून, पाऊल फिरवत फिरवत सरळ करत नेतात, ती मॅकमरेची तपासणी. गुडघा थोडासा वाकवून नडगी पुढे ओढून बघतात, ती लॅकमनची. एसीएल तुटलेली असेल तर नडगी नको इतकी पुढे येते. या सगळ्याला दहा मिनिटं पुरतात. एवढी तपासणी न करता कोणी ऑपरेशनची तारीख देत असेल, तर नम्रपणे उठून दुसरं मत घ्या. दुसरं मत मागितल्याचा चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

एमआरआय, म्हणजे गादी आणि दोऱ्याही दाखवणारा फोटो, काढायचा तो या तपासणीनंतर, तिच्यातून उठलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी. तुमच्या बाबतीत मी तो काढायला सांगितला असता, कारण सहा महिने उलटूनही सूज येतेय आणि गुडघा अडकतोय. पण रिपोर्ट हातात आला की तो एकट्याने वाचून घाबरू नका. ‘ग्रेड २ सिग्नल’ असं लिहिलेलं पाहून रडवेले झालेले लोक माझ्याकडे नेहमी येतात. ग्रेड १ आणि २ म्हणजे गादीच्या आत झालेला बदल, तो पृष्ठभागापर्यंत पोहोचलेला नसतो, आणि त्याला फाटणं म्हणत नाहीत. ग्रेड ३ पृष्ठभागापर्यंत जातो, तो फाटलेला. फाटलेला असला तरी दुखण्याचं कारण तोच असेल असंही नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात पन्नाशीपुढच्या लोकांचे गुडघे एमआरआयने तपासून २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या गाद्या फाटलेल्या दिसल्या, त्यांतल्या ६१ टक्के लोकांना आधीच्या महिनाभरात गुडघ्याचा काही त्रासच नव्हता. तुम्ही त्यांच्याहून तरुण आहात, तरी मुद्दा तोच राहतो. फोटोत दिसलेलं आणि बोटाखाली दुखणारं जुळलं, तरच त्यावर उपचार ठरवायचा.

आता ऑपरेशन. इथे उत्तर खरोखर परिस्थितीवर अवलंबून आहे. गादी वयाने झिजून फाटली की अपघाताने फाटली, यात मोठा फरक आहे. फिनलंडमध्ये ३५ ते ६५ वयाच्या १४६ जणांवर एक प्रयोग झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. झिजून फाटलेल्या गादीचा भाग दुर्बिणीने कापलेले लोक, आणि दुर्बीण आत घालून फक्त बघितलेले, म्हणजे नुसतं ऑपरेशन झाल्यासारखं केलेले लोक, यांच्या दुखण्यात वर्षभरानंतर काही म्हणण्यासारखा फरक नव्हता. त्यानंतर झिजेच्या दुखण्यात कापाकापी करण्याबद्दल आम्ही बरेच सावध झालो. पण त्या अभ्यासात अपघाताने गुडघा दुखावलेले लोक घेतलेले नव्हते, म्हणून तो तुम्हाला जसाच्या तसा लागू करणं चूक होईल. तुमचा गुडघा खरोखर अडकत असेल आणि एमआरआयमध्ये पदर मध्ये सरकलेला दिसत असेल, तर ऑपरेशन टाळण्यात शहाणपण नाही. तसं नसेल, तर व्यायामाचे तीन महिने मनापासून देऊन बघितल्याशिवाय मी टेबलावर घेत नाही.

ऑपरेशन ठरलंच तर सर्जनला एक प्रश्न जरूर विचारा: ‘गादी शिवणार की कापणार?’ गादीच्या बाहेरच्या साधारण एक तृतीयांश भागाला रक्तपुरवठा असतो, तिथली फाट शिवली तर जुळू शकते. आतल्या भागाला तो नसतो, तिथे बहुधा फाटका तुकडा काढावा लागतो. शिवल्यास चार ते सहा आठवडे कुबड्या किंवा ब्रेस आणि जड कामाला परत जायला चार-सहा महिने लागतात. कापल्यास काही आठवड्यांत माणूस कामावर जातो. लवकर कामावर जायचंय म्हणून ‘कापूनच टाका’ म्हणणारे तरुण मला भेटतात, तेव्हा मी त्यांना थांबवतो. गादी जितकी जास्त जाईल तितकी पुढे गुडघा झिजण्याची शक्यता वाढते, आणि तुम्हाला या गुडघ्यावर अजून वीसेक वर्षं वजन उचलायचंय. कोणती फाट शिवता येईल हे काही वेळा आत पाहिल्यावरच कळतं, म्हणून दोन्ही शक्यतांची तयारी ठेवूनच घरच्यांशी बोला.

इंजेक्शनबद्दल थोडक्यात. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे सूज-दुखणं कमी होतं, फाटलेलं काही शिवलं जात नाही. त्या आरामाचा उपयोग व्यायाम सुरू करायला होत असेल तर ठीक. ते घेऊन दुसऱ्या दिवशी पुन्हा शिडीवर चढायचं असेल तर नको. वंगणाची म्हणून दिली जाणारी महागडी इंजेक्शनं झिजलेल्या गुडघ्यासाठी असतात, तुमच्यासाठी मला त्यांत अर्थ दिसत नाही. आणि सात महिने तुम्ही दुखण्याच्या गोळ्या घेत असाल, तर रक्तदाब मोजा आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनची तपासणी करून घ्या. पोटात जळजळ, काळी शौच असं काही झालं तर गोळी तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना सांगा.

फिजिओथेरपिस्टकडे बहुतेक लोक उरलेला उपाय म्हणून बघतात. तुमच्या दुखण्यात तो ऑर्थोपेडिकच्या बरोबरीचा तज्ज्ञ आहे. मात्र वीस मिनिटं मशीनचा शेक आणि करंट देऊन घरी पाठवलं जात असेल, तर त्याने स्नायू भरत नाही. बीपीटी किंवा एमपीटी झालेल्या, व्यायाम करून घेणाऱ्या आणि दर आठवड्याला तो वाढवणाऱ्या माणसाकडे जा. साधारण क्रम असा असतो. आधी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबत मांडी आवळायची. मग पाय सरळ ठेवून उचलायचा. मग खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, मग कमी उंचीच्या पायरीवर चढ-उतार, मग हळूहळू वजन घेऊन. थोडं दुखलं तर घाबरायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली दिसली तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजून एक पायरी मागे यायचं. पूर्ण उकिडवं बसणं आणि मांडी घालणं हे शेवटी. तोपर्यंत घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर मधोमध भोक असलेली स्टीलची किंवा प्लास्टिकची खुर्ची मिळते, ती आणा. लाज वाटण्याचं कारण नाही, सकाळी रोज गुडघा पूर्ण मोडून बसत राहिलात तर दिवसभराच्या व्यायामावर पाणी पडतं.

आतापर्यंतचा क्रम एकदा लावून घेऊ. टॉवेलवर गुडघा सरळ होतो का बघा. होत नसेल तर त्याच आठवड्यात, होत असेल तर पंधरा दिवसांच्या आत ऑर्थोपेडिक. हाताने तपासणी, मग एमआरआय, मग निदान कागदावर लिहून घेणं. त्यानंतर तीन महिने व्यायाम किंवा, कारण असेल तर, शस्त्रक्रिया. आणि यातलं काहीच न पाहता थेट रुग्णालय गाठायचं असे दोन प्रसंग: गुडघा लाल, गरम होऊन ताप आला तर, किंवा पोटरी सुजून कडक झाली, दुखू लागली तर.

आता कागदांकडे वळू. माझ्या टेबलावर येणाऱ्या फायलींत एक गोष्ट मला वारंवार अस्वस्थ करते. माणूस सांगतो, कामावर पडलो. पहिल्या दवाखान्याच्या केसपेपरवर लिहिलेलं असतं, ‘घरी पाय घसरून पडले’. सोबत आलेल्या सुपरवायझरने तसं सांगितलेलं असतं आणि कळवळणाऱ्या माणसाचं तिकडे लक्ष नसतं. तुमचा पहिला केसपेपर आजच काढून वाचा. त्यावर काय लिहिलंय, कोणती तारीख आहे? चुकीचं लिहिलं असेल तर जुना कागद खोडायचा नाही, बदलूनही मागायचा नाही. पुढच्या प्रत्येक डॉक्टरला पहिल्याच वाक्यात ‘अमुक तारखेला कामावर शिडीवरून उतरताना’ असं सांगा आणि ते तसंच लिहायला लावा.

तुमच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा हप्ता, कापला जातो का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. सॅलरी स्लिप बघा. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या कारखान्यात महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला हा विमा लागू होतो. कामगाराचा वाटा ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५ टक्के. १७,००० पगार असेल तर तुमचे साधारण १२८ रुपये कापले जातात. ठेकेदाराचा माणूस आहे म्हणून हक्क जात नाही. ठेकेदाराने वर्गणी भरली नाही तर ती जबाबदारी मूळ कंपनीवर येते.

ईएसआय असेल तर ‘कामावरची दुखापत’ या नोंदीने किती फरक पडतो ते बघा. साधं आजारपण धरलं गेलं तर पगाराच्या साधारण ७० टक्के भत्ता मिळतो, तोही वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस आणि ठरावीक वर्गणी भरलेली असेल तरच. कामावरची दुखापत मानली गेली तर साधारण ९० टक्के, डॉक्टर कामाला असमर्थ ठरवतील तितके दिवस, आणि वर्गणीची किमान अट नाही. कामावर लागल्याच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हा हक्क असतो. गुडघ्यात कायमचं अधूपण राहिलं तर मेडिकल बोर्ड ते ठरवतं आणि त्याप्रमाणे पुढचा भत्ता मिळतो. ऑपरेशन करून चार-सहा महिने घरी बसावं लागलं तर हा फरक तुमच्या घराला चांगलाच जाणवेल.

उपचारासाठी आधी तुमच्या नावावर लागलेल्या ईएसआयच्या दवाखान्यात जायचं, तिथून तज्ज्ञासाठी चिठ्ठी घ्यायची. तुमच्या भागात चिंचवडला मोहननगरचं रुग्णालय आहे, पुणे शहरात बिबवेवाडीचं. तिथे काही सोय नसेल तर ते बाहेर रेफर करतात. चिठ्ठीशिवाय आधीच खासगीत खर्च करून नंतर बिलं मागणं फार जिकिरीचं होतं, म्हणून क्रम उलटा करू नका. रांगेत सकाळ जाईल, पण एमआरआय आणि ऑपरेशनचा खर्च वाचेल. ईएसआय नसेल तर ससूनसारखं सरकारी रुग्णालय आहे. रेशनकार्ड असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमची शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारा. ईएसआय नसलेल्या कामगाराला मालकाकडून नुकसानभरपाई मागण्याचा हक्क १९२३ च्या कायद्यापासून चालत आला आहे, पण त्याला मुदत असते, अपघातापासून दोन वर्षं. तुमचे सात महिने गेले आहेत.

अपघाताची नोंद आजवर झाली नसेल तर आता करून घ्या. एका पानावर साध्या मराठीत लिहा: तारीख, पाळी, जागा, काय करत होतो, काय झालं, त्या वेळी शेजारी कोण होतं, कोणत्या दवाखान्यात कोणी नेलं. ठेकेदाराला एक प्रत, मूळ कंपनीच्या एचआरला एक प्रत, आणि तिसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. ईएसआय असेल तर एक प्रत त्यांच्या शाखा कार्यालयातही द्या. त्या दिवसाची हजेरी, सुपरवायझरला पाठवलेला व्हॉट्सअॅप मेसेज, एक्स-रेवरची तारीख, औषधांची बिलं, सगळं एका फाइलमध्ये ठेवा. ‘जुनं दुखणं आहे’ या वाक्याला उत्तर याच कागदांतून मिळतं. अपघाताच्या आधी तुम्ही कधी गुडघ्यासाठी दवाखान्यात गेला नसाल, तर तेही पुढच्या डॉक्टरला लिहायला सांगा.

काम सुटेल ही भीती तुम्ही दोन ठिकाणी बोलून दाखवली आहे आणि ती खोटी नाही. म्हणून डॉक्टरकडून ‘हलकं काम द्यावं’ एवढीच चिठ्ठी आणू नका. हलकं म्हणजे काय, ते प्रत्येक सुपरवायझर आपल्या सोयीने ठरवतो. मी चिठ्ठीवर असं लिहितो: सहा आठवडे शिडी चढणं नाही, उकिडवं किंवा गुडघे टेकून काम नाही, दहा किलोपेक्षा जास्त वजन उचलणं नाही, टेबलावरचं ग्राइंडिंग, वेल्डिंग, मार्किंग चालेल. काय चालेल हे लिहिलेलं असलं की बऱ्याच शॉपमध्ये तेवढं काम निघतं. मालकालाही माणूस घरी बसण्यापेक्षा ते परवडतं.

राहता राहिला तो पंधरा हजारांचा कागद. पैशाची गरज असताना नाही म्हणणं किती कठीण असतं, ते मी रोज बघतो. तरीही निदान झाल्याशिवाय त्यावर सही करू नका. गुडघ्याला व्यायाम पुरणार आहे की ऑपरेशन लागणार आहे, कायमचं काही राहणार आहे का, हे आज तुम्हालाही माहीत नाही आणि ठेकेदारालाही नाही. मग पंधरा हजार कशाचे? कामगाराने आपला भरपाईचा हक्क सोडून दिल्याचा खासगी करार नुकसानभरपाईच्या कायद्यात ग्राह्य धरला जात नाही. पण अशी सही केलेला माणूस पुढे दाद मागायलाच धजत नाही, म्हणून तर ती घेतली जाते. ठेकेदार औषधाला पैसे देत असेल तर घ्या, ‘औषधोपचारासाठी मिळाले’ एवढंच लिहून द्या. त्याहून जास्त मजकूर असेल तर कागद घरी आणा आणि पुण्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला दाखवा. कामगारांना तिथला सल्ला मोफत मिळतो. एमआरआय झाला की त्याचा रिपोर्ट आणि तपासणीत काय सापडलं ते लिहून पाठवा. पुढचं ठरवायला मी मदत करीन.